ताळमेळ

आमच्या घरात कुठलीही बातमी आणली की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "व्हाउचर कुठाय?" मग ती बातमी कुणाचं लग्न ठरल्याची असो की सोन्याचा भाव उतरल्याची. एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकार कार्यालयात, ३६ वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. त्याला ते तरी काय करणार! निवृत्त होऊन २० वर्षं झाली, वय आता ७८, पण ऑडिट काही संपलेलं नाही. भाजीवाल्यापासून पंतप्रधानांपर्यंत सगळे त्यांच्या कक्षेत येतात.

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे दोन प्रकरणं ऑडिटला होती. एक बाबांचे स्वतःचे डोळे आणि दुसरं, काही तारे. वाचून हसाल, पण ही दोन प्रकरणं एकमेकांत अशी गुंतत गेली की एक सांगायचं तर दुसरं सांगावंच लागतं. बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी डोळे.

बाबांना १० वर्षांपासून काचबिंदू आहे. रात्री ९ ला थेंब, दर ६ महिन्यांनी तपासणी. त्या तपासणीत एक फील्ड टेस्ट असते. अंधाऱ्या खोलीत एका अर्धगोलात डोकं ठेवून मधल्या ठिपक्याकडे बघत बसायचं. आजूबाजूला कुठेतरी बारीकसा दिवा लागतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. नाही दिसला तर काहीच करायचं नाही. एवढंच. शेवटी एक कागद छापून येतो. त्यावर जिथे दिसलं तिथे पांढरं, कमी दिसलं तिथे करडं, आणि दिसलंच नाही तिथे काळं.

सप्टेंबरमधल्या कागदावर दोन्ही डोळ्यांच्या वरच्या भागात भरपूर काळं होतं. डॉक्टर म्हणाले, "काका, आता स्कूटर बंद."

बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र सुरू झालं. "मला तर सगळं दिसून राहिलं. पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्या घराचं नाव वाचून दाखवू का? कुठे आहे काळं? मला तर काही काळं दिसत नाही."

खरी अडचण इथेच आहे. काचबिंदूत डोळ्यापुढे काळा डाग येत नाही. गेलेल्या भागाची जागा मेंदू आजूबाजूच्या दृश्यातून भरून काढतो. मधली नजर बहुतेकदा शेवटपर्यंत चांगली राहते. त्यामुळे माणसाला प्रामाणिकपणे वाटतं, की आपल्याला पूर्ण दिसतंय. वरून येणारी झाडाची फांदी किंवा सिग्नलचा दिवा मात्र त्याच्यासाठी नसतोच. आपल्याला काय दिसत नाही हे माणसाला दिसू शकत नाही. आता हे ७८ वर्षांच्या ऑडिटरला कसं पटवायचं?

पुण्याहून दादाने फोनवर समजावलं. आत्याने देवाची शपथ घातली. आईने तर चावीच लपवली होती, पण बाबांनी ती १० मिनिटांत शोधून काढली आणि "हे बघ, दिसतं का नाही!" म्हणून तिच्यापुढे नाचवली. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. स्कूटर म्हणजे नुसती गाडी नाही, हे आम्हालाही कळत होतं. सकाळी बर्डीला जाऊन भाजी, पोस्टातलं काम, जुन्या मित्रांचा कट्टा, सगळं तिच्यावर. ती गेली म्हणजे "मला जरा सोडून दे गं" असं म्हणायची वेळ आली. त्यांना ते नको होतं.

आता तारे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या विज्ञान मंडळात मुलांसमोर दर महिन्याला कुणीतरी एक विषय मांडायचा असतो. ऑक्टोबर माझ्याकडे होता. मी विषय घेतला होता बी-ई ताऱ्यांचा. म्हणजे निळसर पांढरे, सूर्यापेक्षा कितीतरी तापलेले आणि स्वतःभोवती भन्नाट वेगाने गरगरणारे तारे, ज्यांच्या कमरेभोवती वायूची एक चपटी तबकडी असते. रात्री जेवणाच्या टेबलावर टिपणं काढत बसले होते. बाबा समोर बसून शेंगदाणे खात होते. (अबोला चालू होता, पण शेंगदाण्यांना अबोला नसतो.)

"फोटो आहे का?" त्यांनी विचारलं.

"कशाचा?"

"त्या तबकडीचा."

"तसा फोटो नाही काढता येत बाबा. पण मोजलीय."

"फोटो नाही, पण मोजली?" बाबांनी शेंगदाणे बाजूला सारले. "कशावरून?"

मला कळलं, की आपण ऑडिटला उभे आहोत.

मग पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी हाच विषय. मी वाचून यायचे, ते शंका काढायचे. मुलांपेक्षा चांगला विद्यार्थी मिळाला मला.

सुरुवात केली १८६६ पासून. इटलीतले अँजेलो सेकी हे धर्मगुरू ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून फाकवून त्याचे पट्टे बघत असत. साधारण ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या जागी काळ्या रेघा दिसतात. पण शर्मिष्ठा तारकासमूहातल्या, त्या डब्ल्यू आकाराच्या मधल्या टोकावरच्या ताऱ्याच्या वर्णपटात सेकींना तिथे चक्क उजळ रेघ दिसली. याचा अर्थ ताऱ्याच्या बाहेर कुठेतरी हायड्रोजन चमकत होता. पुढे १९३१ मध्ये ऑटो स्ट्रुव्ह यांनी कल्पना मांडली, की हे तारे इतके जोरात फिरतात की त्यांच्या विषुववृत्तावरून वायू बाहेर पडतो आणि त्याचं कडं तयार होतं. आज असं मानलं जातं, की नुसतं फिरणं बहुतेकदा पुरत नाही, ताऱ्याच्या पृष्ठभागाची धडधडही त्याला हात देत असावी. बाहेर पडलेला वायू मग घर्षणाने हळूहळू बाहेर सरकत तबकडी बनवतो. ही तबकडी कायमची नसते. काही वर्षांत विरते, पुन्हा बनते. आपल्या ओळखीच्या कृत्तिकांमध्येही असे तारे आहेत.

"कल्पना ठीक आहे," बाबा म्हणाले. "पण रेघ जाड आहे म्हणून तबकडीच कशी? गोळाही असू शकतो. धुराचा लोटही असू शकतो."

अगदी बरोबर शंका! खगोलशास्त्रज्ञांनाही अनेक दशकं हाच प्रश्न होता.

दुर्बिणीतून सरळ का बघत नाही? तर बघा, आकाशातल्या या गोष्टी किती छोट्या दिसतात, ते मी त्यांना असं सांगितलं. आपल्या झिरो माइलच्या दगडापाशी उभं राहायचं. अडीच सेंटीमीटरचं एक नाणं मॉस्कोत ठेवायचं, म्हणजे साधारण ५१०० किलोमीटरवर. इथून ते नाणं जेवढं दिसेल तेवढा कोन म्हणजे एक मिलिआर्कसेकंद. या तबकड्यांचा आकार अशा एकदोन नाण्यांएवढा, किंवा फार तर थोडा जास्त. अगदी मोठी, ८ मीटर आरशाची दुर्बीण घेतली तरी अवरक्त प्रकाशात तिला ५० मिलिआर्कसेकंदांपेक्षा बारीक काही वेगळं करता येत नाही. एका दुर्बिणीला हा तारा ठिपकाच दिसणार. कितीही मोठी करा.

मग काय करायचं? तर दोन दुर्बिणी लांब लांब ठेवायच्या आणि दोघींचा प्रकाश एकत्र आणायचा.

इथे बाबांना सांगायला माझ्याकडे हुकमी पत्ता होता. सी. व्ही. रामन! एजी ऑफिसातला कुठलाही माणूस रामन यांना आपल्याच खात्याचा मानतो, आणि ते खरंही आहे. १९०७ मध्ये ते कलकत्त्यात सहायक महालेखापाल म्हणून नोकरीला लागले आणि १९१०च्या सुमारास काही काळ बदलीवर आपल्या नागपुरातही होते. गांधीसागरासमोरच्या आपल्या विज्ञान केंद्राला १९९२ मध्ये त्यांचं नाव दिलं ते उगाच नाही. त्यांचा पहिला निबंध १९०६ मध्ये, विद्यार्थी असतानाच, लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये आला होता. विषय होता आयताकृती फटीतून जाताना प्रकाशाचे पडणारे पट्टे.

"मग सांग," बाबा खुर्चीत सरसावून बसले. आता मामला खात्यातला झाला होता.

प्रकाश लाटांसारखा वागतो. दोन दुर्बिणींतून आलेल्या एकाच ताऱ्याच्या लाटा एकमेकींत मिसळल्या, की जिथे चढावर चढ येतो तिथे उजेड, आणि चढावर उतार येतो तिथे अंधार. म्हणजे उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. शाळेच्या पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. तारा अगदी ठिपका असेल तर काळे पट्टे पूर्ण काळे पडतात. पण तो पसरलेला असेल, तर त्याचा डावा भाग स्वतःचे पट्टे पाडतो, उजवा भाग स्वतःचे, आणि ते एकमेकांवर किंचित सरकून पडतात. मग काळा पट्टा करडा होतो. दुर्बिणींतलं अंतर वाढवत नेलं, की करडेपणा वाढत जातो. किती अंतरावर किती करडा झाला, एवढं मोजलं, की त्या गोष्टीचा आकार काढता येतो. १९२० मध्ये मायकेलसन आणि पीझ यांनी कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर ६ मीटर अंतरावरचे आरसे वापरून काक्षी ताऱ्याचा, म्हणजे मृगातल्या त्या तांबड्या ताऱ्याचा, व्यास असाच काढला होता.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे हे रिकन्सिलिएशन आहे."

"काय?"

"ताळमेळ गं. बँकेचं पुस्तक आणि आपलं पुस्तक. दोन्ही शेजारी ठेवायची. एकेकटं बघितलं तर दोन्ही बरोबरच दिसतात. शेजारी ठेवली की तफावत दिसते. आणि तफावत किती आणि कुठे, त्यावरून आत काय झालं ते कळते. पैसे कुणी खाल्ले ते कुणीच पाहिलेलं नसते. पण ताळमेळ सांगते."

खरं सांगते, इतकी चांगली उपमा मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. मुलांना मी हीच सांगितली.

अर्थात करायला हे भयंकर अवघड. माउंट विल्सनवर आज 'चारा' नावाची सोय आहे. तिथे १ मीटरच्या ६ दुर्बिणी आहेत, एकमेकींपासून जास्तीत जास्त ३३० मीटरवर. प्रत्येकीचा प्रकाश निर्वात नळ्यांतून एका खोलीत आणतात. पृथ्वी फिरते, त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश एका दुर्बिणीत आधी पोचतो, दुसरीत नंतर, आणि हा फरक क्षणाक्षणाला बदलतो. तो भरून काढायला रुळांवर आरशांच्या गाड्या पळवतात, आणि दोन वाटांची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत सारखी राखतात. चिलीमध्ये पारानालच्या वाळवंटातल्या युरोपीय वेधशाळेतही असंच, ८.२ मीटरच्या चार मोठ्या आणि १.८ मीटरच्या चार लहान दुर्बिणींनी. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीतही ४५ मीटरच्या ३० डिश २५ किलोमीटरपर्यंत पसरून हेच तत्त्व चालतं. पण तिथे रेडिओ लहरी असतात. त्यांची विजेच्या रूपात नोंद करून नंतर जुळवता येते. प्रकाशाची लाट इतक्या वेगाने हलते की तशी नोंदच होत नाही. तिला स्वतःलाच उचलून एका टेबलावर आणावं लागतं.

"आणि अवरक्तच का?" पुढची शंका.

कारण तारा स्वतः निळा-जांभळा तापलेला. त्याचा जोर त्या बाजूला. तबकडीतला वायू मात्र विद्युतभारित असतो, त्यातले सुटे इलेक्ट्रॉन अवरक्तात भरपूर उजेड देतात. साध्या प्रकाशात तारा तबकडीला झाकोळून टाकतो, अवरक्तात ती त्याच्या बरोबरीने उठून दिसते. शिवाय अवरक्त लहर लांब असल्यामुळे आपल्या हवेची थरथर तिला कमी बाधते. मोजमाप साधारण २ मायक्रॉनच्या आसपास होतं.

"बरं. आता निकाल सांग. गोळा का तबकडी?"

तबकडी. वेगवेगळ्या दिशांना ठेवलेल्या दुर्बिणींनी बघितलं, तर एका दिशेला आकार लांब येतो आणि आडव्या दिशेला अरुंद. गोळा असता तर सगळीकडे सारखा आला असता. १९९७ मध्ये आंद्रेआस क्विरेनबाख आणि सहकाऱ्यांनी अशा सात ताऱ्यांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यात बाबांना सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच होती. तबकडीतल्या इलेक्ट्रॉनांवरून उडून आलेल्या प्रकाशाच्या कंपनांना एक ठरावीक दिशा येते, आणि तबकडी असेल तर ती दिशा तिच्या लांब बाजूला काटकोनात असायला हवी. हे मोजायला दोन दुर्बिणी लागत नाहीत, पद्धतच वेगळी. आणि दोन्ही पद्धतींची उत्तरं जुळली!

"हां!" बाबांनी टेबलावर हात मारला. "दोन वेगळ्या लोकांनी, दोन वेगळ्या वह्यांत लिहिलं, आणि बेरीज एक आली. आता मानतो."

२००७ मध्ये पारानालहून आणखी एक निकाल आला. वृश्चिकाच्या शेपटीखाली पीठ नावाचा छोटा तारकासमूह आहे. त्यातल्या अल्फा ताऱ्याच्या तबकडीतला वायू आपल्याकडे येणाऱ्या बाजूला किंचित निळसर सरकलेला आणि दूर जाणाऱ्या बाजूला लालसर. रेघेचे बारीक काप करून प्रत्येक कापाचा उजेड नेमका कुठून येतो ते अँतोनी मेयाँ आणि सहकाऱ्यांनी मोजलं. आतला वायू जोरात, बाहेरचा सावकाश, अगदी ग्रह सूर्याभोवती फिरतात त्या केप्लरच्या नियमाने. म्हणजे तो वायू नुसता उधळत बाहेर चाललेला नाही, कक्षेत फिरतोय.

सगळेच हिशेब पहिल्या फटक्यात जुळले असं नाही. अग्रनद नावाचा तारा आपल्याकडून थंडीत दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ११-१२ अंशांवर दिसतो. डिसेंबरात रात्री ८ च्या सुमाराला आमच्या गच्चीवरून दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधून तो दाखवता येतो. सेकंदाला ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने तो फिरतो. आपला सूर्य २ किलोमीटरने. त्या वेगाने तो कमरेत फुगलेला आहे. २००३ मध्ये पारानालहून मोजलं तेव्हा त्याची आडवी-उभी लांबी १.५६ ला १ अशी आली. इतका चपटा तारा गणितात बसेना. मग कुणी सुचवलं, की ताऱ्याभोवती उरलेल्या थोड्या वायूचा हिशेब त्यात मिसळला असेल. २०१४ मध्ये जास्त दुर्बिणींनी, जास्त दिशांनी पुन्हा मोजून आकडा आला सुमारे १.३५. मी जरा धास्तीनेच हे सांगितलं, कारण बाबा म्हणणार, "बघ, मशीनचा काय भरवसा!"

पण ते म्हणाले, "पुन्हा तपासलं आणि सुधारलं न? मग भरवसा वाढला. जो कधीच सुधारत नाही त्याचं खातं मी आधी उघडायचो."

मी काही बोलले नाही. पण ते स्वतःच त्यानंतर थोडा वेळ गप्प होते.

डिसेंबरात, अमावास्येच्या आसपास, आम्ही सगळे पेंचला गेलो. आपल्या नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झाला, हे तुम्ही वाचलं असेलच. वाघ बघायला जग येतं, आम्ही अंधार बघायला गेलो. :) थंडी मरणाची. आईने बाबांना दोन स्वेटर, मफलर, कानटोपी असं गुंडाळलं होतं. आकाश इतकं भरलेलं की नेहमीच्या आकृत्या गर्दीत हरवून गेल्या.

माझ्या लेकाने कृत्तिका दाखवल्या, जवळजवळ डोक्यावर होत्या. बाबा शोधत राहिले. मान वर करून, इकडे, तिकडे. "अहो आजोबा, ही काय, इथेच तर आहे!" तो तीनदा म्हणाला. शेवटी त्याने बाबांची हनुवटी धरून तोंड बरोबर त्या दिशेला नेलं, तेव्हा सापडल्या. मग मात्र बाबांना स्वच्छ दिसल्या. पाच मोजल्या त्यांनी. पण नजर जरा हलली की पुन्हा हरवायच्या. कागदावर जो वरचा भाग काळा होता, तो आम्हा सगळ्यांच्या समोर होता. कुणी काही बोललं नाही.

मी विषय बदलून ययाती दाखवला. शर्मिष्ठा, देवयानी आणि त्यांच्या शेजारी ययाती. आपल्याकडे ही नावं कुणी लावली असतील, त्याला दाद द्यायला हवी. ययातीत, देवयानीच्या सीमेजवळ एक मंदसा तारा आहे, फाय. शहरातून दिसत नाही, तिथे दिसला. तोही बी-ई तारा, तबकडीवाला. आणि त्याला एक जोडीदार आहे. २०१५ मध्ये 'चारा'च्या दुर्बिणींनी तो जोडीदार वेगळा दिसला, आणि त्याच्या कक्षेवरून दोघांची वजनं काढता आली. मोठा सूर्याच्या साडेनऊ पट, छोटा जेमतेम सव्वा पट. १२७ दिवसांत ते एकमेकांभोवती फिरतात. गंमत अशी, की आज छोटा असलेला जोडीदारच एकेकाळी जड होता. जड तारे लवकर म्हातारे होतात. तो फुगला, आणि त्याचा बाहेरचा सगळा ऐवज शेजाऱ्याकडे वाहून गेला. त्या ऐवजाबरोबर फिरकीही गेली. म्हणून शेजारी आज इतका गरगरतो, त्याच्या कमरेला तबकडी आहे. आणि देणारा? त्याचा नुसता तापलेला गाभा उरलाय.

"ययातीची गोष्ट उलटी झाली ही," बाबा अंधारात म्हणाले. "तिथे बापाने पोराचं तारुण्य मागून घेतलं. इथे म्हाताऱ्याने देऊन टाकलं."

"हो."

"अजून दिसतो न पण तो? म्हातारा?"

"एकट्या दुर्बिणीला नाही दिसत. सगळ्या मिळून बघतात तेव्हा दिसतो."

यावर ते फक्त "हूं" म्हणाले.

जानेवारीत एका सकाळी बघते तर बाबा टेबलावर स्वतःची फाइल उघडून बसलेले. १० वर्षांचे फील्ड टेस्टचे कागद तारखेप्रमाणे लावलेले. हातात भिंग, लाल-निळी पेन्सिल आणि पट्टी. शेजारी दुसरा गठ्ठा ओसीटीचा. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या मज्जातंतूंच्या थराची जाडी मोजतात ती तपासणी. तीही प्रकाशाच्या व्यतिकरणावरच चालते, हे मी त्यांना डिसेंबरातच सांगितलं होतं. आणि तिच्यात पेशंटला बटण दाबावं लागत नाही.

"त्या पहिल्या टेस्टवर माझा आक्षेप होता," ते मला समजावून सांगू लागले, जणू डोळे माझे होते. "बटण मी दाबतो. माझा हात हळू असेल, झोप आली असेल. पण मशीन ते पण तपासते, हा बघ इथे खाली आकडा आहे, माझी उत्तरं किती भरवशाची ते. बरं, तेही सोड. ही दुसरी वही. हिच्यात माझा हातच नाही. डोळ्यात चित्र उलटं पडते, म्हणून खालचा थर पातळ झाला की वरचं दिसणं जाते. बघ, २०१९ पासून खालचा थर पातळ होत आला. आणि या वहीत त्याच वर्षापासून वरचं काळं वाढत आलं. दोन्ही डोळ्यांत."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"जुळते," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, की हा क्षण आला तर मला हायसं वाटेल. तसं काही वाटलं नाही. एखाद्या माणसाने आयुष्यभर प्रामाणिकपणे एक काम केलं, आणि मग त्याच प्रामाणिकपणाने स्वतःच्याच विरुद्ध शेरा लिहिला, तर बघणाऱ्याला काय वाटतं ते शब्दांत धड सांगता येत नाही. मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

दुपारी त्यांनी आत्येभावाला बोलावून स्कूटर त्याच्या ताब्यात दिली. कागदपत्रं, इन्शुरन्स, दुसरी चावी, सगळं एका पाकिटात, वर यादी, आणि खाली त्याची सही घेतली. व्हाउचर! आता ते मेट्रोने बर्डीला जातात, ठरलेल्या वेळी, सोबत कट्ट्यावरचे एक काका. "मला जरा सोडून दे गं" अजून तरी म्हणालेले नाहीत. मात्र कुठे जायचं असलं की लेकाला म्हणतात, "चल रे, दुसरी दुर्बीण." तो लगेच चपला घालतो.

असो. नातेवाईक मंडळींसाठी दोन गोष्टी, कारण मला माहीत आहे की तुमच्यातले अर्धे फक्त बाबांची तब्येत कळावी म्हणून इथे येतात. तब्येत चांगली आहे. दाब आटोक्यात आहे. गेलेली नजर परत येत नाही, पण राहिलेली टिकवता येते, म्हणून ९ चे थेंब चुकवायचे नाहीत.

आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, चाळिशी ओलांडली असेल तर डोळ्यांचा दाब आणि मागचा पडदा एकदा तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. सुरुवातीला यात काहीही जाणवत नाही, दुखत नाही, अंधुकही दिसत नाही. "मला तर सगळं दिसून राहिलं" हा त्याचा पुरावा होत नाही. अर्ध्या तासाचं काम असतं. जाऊन आलात की मला कळवा. आमच्या घरातल्या ऑडिटरना यादी द्यायची आहे.